आडवी गाडी, मोकळा ब्रेक

१

सोमवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी माझ्या धाकट्या बहिणीची गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये आडवी उभी होती आणि तिचा हँडब्रेक ओढलेला होता. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर मग तुम्ही आमच्या स्टेशनवर कधी गाडी लावलेली नाही.

आमच्या पार्किंगमध्ये साठ गाड्यांची जागा आहे आणि रोज ऐंशी गाड्या येतात. आधी येणारे रांगेत नीट लावतात. रांगा भरल्या की उरलेले वीस जण रांगांच्या पुढे आडव्या गाड्या लावतात. मागच्याला बाहेर पडायचं असेल तर तो आडवी गाडी हातानं ढकलून बाजूला करतो. म्हणून आडवी गाडी लावणाऱ्यानं गिअर काढायचा, ब्रेक मोकळा सोडायचा आणि चाकाखाली स्वतःचा लाकडी ठोकळा सरकवून जायचं. हा नियम पोलिसांनी केला नाही की रेल्वेनं नाही, आमचा आम्हीच केला. आणि फाटकावर लटकणारा बोर्ड रंगवला होता माझ्या बहिणीनं: ‘आडवी गाडी, मोकळा ब्रेक, चाकाला ठोकळा.’

ती दातांची डॉक्टर. शहरात दवाखाना. सहा वर्षं रोज सात बावन्नची ट्रेन धरणारी. त्या सहा वर्षांत तिनं नियम मोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. मोडणाऱ्यांची ती सालटी काढायची, त्यात मीही आलो.

आणि आज तिचीच गाडी तिसऱ्या रांगेपुढे नवव्या खांबापाशी, तिच्या नेहमीच्या जागी, पण गिअरमध्ये, ब्रेक ओढलेला, ठोकळ्याचा पत्ता नाही. मी ढकलून पाहिली. ढिम्म. तिच्यामागे रांगेतल्या दोन जागा रिकाम्या पडल्या होत्या आणि आत कोणालाच शिरता येत नव्हतं. बाहेर लोक जागेसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि इथे दोन जागा वाया. वायपरखाली कोणीतरी चिठ्ठी खोचली होती: ‘आडव्या गाडीचा ब्रेक ओढणाऱ्या महाभागास. बोर्ड वाचता येत नसेल तर वाचून घ्या. तुमच्यामुळे दोघांच्या जागा गेल्या.’ मागच्या बाजूला कसलेतरी छापील चौकोन होते. मला इतका आनंद झाला म्हणता! संध्याकाळी तिच्याच पुढ्यात वाचून दाखवायची, म्हणून मी ती खिशात घातली.

तिला फोन लावला. बंद. शिट्टीकाकांना हाक मारली. शिट्टीकाका म्हणजे आमचे पार्किंगवाले, शिट्टी वाजवत गाड्या लावून घेतात. तेही जागेवर नव्हते. आठ चौदा सुटायला सहा मिनिटं. शेवटी मी मागच्या गल्लीत गेलो, कोपऱ्यावरच्या इमारतीच्या भिंतीला, जमिनीलगतच्या झरोक्याला चाक टेकवून गाडी उभी केली आणि तोंडाला येईल ते बोललो. बहिणीला, पार्किंगला, रेल्वेला. मग सवयीप्रमाणे गाडीला कुलूप लावून दाराचं हँडल दोनदा ओढून पाहिलं आणि धावलो. आठ चौदा मिळाली.

अकरा वाजता दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर आलेल्या नाहीत, तीन पेशंट बसून आहेत, तुमच्याकडे आहेत का?

२

मी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. चाकं, ब्रेक, काचा पाहून कोण खरं बोलतं ते सांगायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण घरचं माणूस हरवलं की धंद्याची अक्कल गहाण पडते.

दुपारी तीनला आम्ही पार्किंगमध्ये होतो. मी, चौकीतल्या फौजदारबाई आणि माझे मेहुणे. मेहुणे शनिवारपासून आईकडे परगावी होते, निरोप मिळताच आले होते. घरात पलंग नीट आवरलेला. तिचं शेवटचं बोलणं रविवारी दुपारी चारला, मेहुण्यांशीच, फोनवर.

मेहुण्यांनी घरून दुसरी किल्ली आणली होती. मी गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट तिच्या उंचीवरच होती. पर्स नाही, फोन नाही. ठोकळा मागे डिकीत, जुन्या टॉवेलखाली. फौजदारबाई म्हणाल्या, घाईत राहिला असेल.

मी म्हणालो, “ती घाईत जेवायची विसरेल. ब्रेक नाही विसरणार.”

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं. त्यांनी आजूबाजूला विचारायला माणसं धाडली आणि तासाभरात साक्षीदार मिळाला. कोपऱ्यावरच्या इमारतीचे सेक्रेटरी. ते गच्चीवर झाडांना पाणी घालत होते, पावणेआठच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या, गाडी लावली आणि लगबगीनं पुलाकडे गेल्या. अगदी हात केला म्हणे.

म्हणजे ती ट्रेननं गेली. म्हणजे शोध घ्यायचा तो शहरात, त्या टोकाला. फौजदारबाईंनी फोन फिरवले, इस्पितळं, रेल्वे पोलीस, सगळं. मला एकाच गोष्टीचा उलगडा होत नव्हता. तिनं गाडी लावली असेल तर ब्रेक मोकळा हवा होता.

फौजदारबाईंनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बाईंनी लावली. नंतर कुणीतरी उघडून हलवली. या आवारात गाड्या हलवणारा माणूस एकच आहे, आणि तो सकाळी जागेवर नव्हता.”

शिट्टीकाका फाटकापाशी स्टुलावर बसले होते. आमच्याकडे पाहत होते असं वाटलं, पण त्यांनी मान फिरवली.

३

इथे टायरचं सांगायला हवं. दोन महिने मागच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर कोणीतरी चिरत होतं. पार्किंगमध्ये जागा मिळाली नाही की लोक गल्लीत लावायचे आणि संध्याकाळी खाली बसलेली गाडी पाहून कपाळाला हात लावायचे. लोकांचा संशय दोघांवर. एक सेक्रेटरी, कारण ‘बाहेरच्या गाड्या आमच्या दारात नकोत’ अशी त्यांची दर महिन्याला अर्जबाजी. दुसरे शिट्टीकाका, कारण गल्ली ओस पडली की लोक झक मारत त्यांच्याकडेच येणार.

माझी बहीण असल्या गोष्टीत नाक खुपसणार नाही तर कोण खुपसणार? मेहुण्यांनी ते शेवटचं बोलणं मला सांगितलं. रविवारी फोनवर ती म्हणाली होती, “टायर कोण कापतं ते कळलंय मला. फोटोच आहे. पण पोलिसांत नाही जात, आधी त्यांच्याशी बोलते. म्हातारा माणूस आहे, अब्रू जाईल.” नाव विचारलं तर सांगेना. दोघांचं त्यावरून वाजलं आणि मेहुण्यांनी फोन आपटला. ते सांगताना सहा फुटांचा तो माणूस लहान मुलासारखा रडला. त्याच्यावरचा माझा संशय तिथेच फिटला, आणि तसंही इतक्या उंच माणसाला तिच्या सीटवर पाय घुसवता आले नसते.

म्हातारी माणसं दोन. आधी मी काकांना गाठलं. सकाळी कुठे होतात? एकदा म्हणाले बस चुकली. मग म्हणाले बायकोला बरं नव्हतं. मी चिडून त्यांचा दंड धरला आणि समोर दहा पावलांवरच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणालो, त्या लाल गाडीचा नंबर वाचून दाखवा आणि शपथ घ्या की तुम्ही खरं बोलताय. शपथेचं मी रागात बोललो. पण काका नंबर वाचेनात.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “लाल हाय का ती?”

डोळ्यांच्या इस्पितळाची रांग धरायला गेले होते सकाळी. दोन वर्षं ते इंजिनाच्या आवाजावरून आणि चालण्यावरून आम्हाला ओळखत होते. कळलं तर काम जाईल म्हणून कोणाला बोलले नव्हते. ज्याला दहा पावलांवरचा रंग दिसत नाही, तो कोणाची गाडी चालवणार? मी त्यांचा दंड सोडला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला मी निघालो होतो.

निघताना काका म्हणाले, “डॉक्टरीणबाईची गाडी मी आवाजावरनं वळखतो. पट्टा सैल हाय, शिट्टी मारतीय. आज दिवसभरात ती शिट्टी ऐकली न्हाई.”

पण ते साडेआठला आले होते, आणि गाडी त्याआधीच लागलेली होती. त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

४

सेक्रेटरी मला गच्चीवरच भेटले. बुटके, नीटनेटके, शर्टाची वरची गुंडी लावलेले. तिथून खाली पाहिलं तर अख्खं पार्किंग तळहातासारखं. नववा खांब समोरच. मी त्यांना पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि त्यांनी शब्दन्‌शब्द तसंच सांगितलं. पावणेआठ, झाडांना पाणी, हात केला. बिचारी मोठी गुणी बाई, असंही म्हणाले.

मी म्हणालो, तुमच्या इमारतीला तळघरात पार्किंग आहे ना, मग गल्लीवरून एवढा वाद कशाला? ते उघडलं तर इथल्या लोकांच्या गाड्या आत जातील. ते म्हणाले, पाणी साचतं, म्हणून कुलूप आहे. आणि बाहेरच्यांना फूस मिळते हो, आज गल्ली दिली तर उद्या जिना मागतील. त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला.

मी कठड्याला टेकून उभा होतो. शेजारी कुंडीत मिरचीचं रोप मान टाकून पडलं होतं, माती भेगाळलेली. मला वाटलं, आज ऊन कडक होतं. त्या दिवशी मला फार काही वाटत नव्हतं, फक्त ती कुठे आहे एवढंच.

रात्री झोप नव्हतीच. पहाटे उठून मी पार्किंगला जाऊन बसलो, कारण दुसरीकडे कुठे जाऊन बसावं ते सुचत नव्हतं. तिची गाडी पोलिसांनी ओढून नेली होती. आवार मोकळं होतं. सहा वर्षं मी तिथे आठ वाजता येतो, त्यामुळे रिकामं पार्किंग मी पाहिलेलंच नव्हतं.

सहानंतर एकेक गाडी येऊ लागली. पहिली रांग भरली. दुसरी. सगळे शहाण्यासारखे रांगेत लावत होते. जागा असताना आडवी कोण लावेल? साडेसातला रांगा भरल्या आणि तेव्हा पहिली आडवी गाडी लागली.

माझ्या हातातला चहा थंड झाला. काल आठ पाचला तिच्या गाडीमागच्या दोन जागा रिकाम्या होत्या. तिथल्या गाड्या निघून गेल्या नव्हत्या, त्या वेळी कोणी परत येत नाही. त्या जागा भरल्याच नव्हत्या. म्हणजे आडवी गाडी त्या दोन्ही गाड्यांच्या आधी लागली होती. तिसरी रांग साडेसहापर्यंत भरते हे मी आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. पावणेआठला येऊन त्या दोन जागा अडवणं कोणालाच शक्य नव्हतं. आणि मी गाड्या तपासणारा माणूस, तिथे उभा राहून वाया गेलेल्या जागांवरून चरफडलो होतो.

खिशात चिठ्ठी होती. मी उलटी केली. छापील चौकोन म्हणजे इस्पितळातला तापाचा तक्ता होता. आमच्यात सकाळपाळीला जाणारी नर्स एकच. सगळ्यांत आधी येणारी, आणि तिची ठरलेली जागा तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी, नवव्या खांबापाशीच. ती सहा वीसच्या ट्रेननं केव्हाच गेली होती. मी तिला फोन लावला.

“हो, मीच खोचली ती,” नर्स म्हणाली. “सहा पाचला. मैदान अख्खं रिकामं आणि माझ्याच जागेपुढे ही आडवी. काचेवर दव होतं, रात्रभर उभी असावी. का हो, काय झालं?”

मी फोन ठेवला आणि वर पाहिलं. गच्चीच्या कठड्याआड एक डोकं हललं आणि दिसेनासं झालं.

५

फौजदारबाईंना मी चालता चालता सांगितलं, आणि सांगता सांगता माझं मलाच लख्ख दिसत गेलं. गाडी रविवारीच लावली गेली. रविवारी फाटकावर कोणी नसतं आणि एकही गाडी नसते. अशा रिकाम्या मैदानात, रांगेत साठ जागा मोकळ्या असताना ज्यानं गाडी नवव्या खांबापाशी आडवी लावली, त्याला तिची जागा ठाऊक होती, पण ती जागा आडवी का, हे ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यानं तिथे स्वतः कधी गाडी लावलेली नाही. फक्त रोज वरून पाहिली आहे. वरून गाडी आडवी दिसते. ब्रेक दिसत नाही, चाकाखालचा ठोकळाही दिसत नाही. आणि तिच्याएवढ्याच उंचीच्या माणसाला सीट हलवावी लागत नाही.

“आणि पावणेआठला तिला पाहिलं असं सांगणारा एकच जण आहे,” फौजदारबाई म्हणाल्या.

“त्यांनी काल पाणीही घातलेलं नाही. कुंड्यांतली माती तडकलीय.”

सेक्रेटरींनी दार उघडलं. शर्टाची वरची गुंडी लावलेलीच होती. फौजदारबाईंनी दुसरं काही न विचारता तळघराची किल्ली मागितली. पाणी आहे हो तिथं, ते म्हणाले, घाण आहे. किल्ली सापडत नाही. मग माझ्याकडे वळून सांगू लागले की बाई पावणेआठला...

मी म्हणालो, “सहा पाचला गाडी तिथेच होती. काचेवर दव होतं. माझी बहीण कुठे आहे?”

ते खुर्चीत बसले.  हात चोळू लागले. “मी ढकललं नाही,” ते म्हणाले. “पाणी किती साचलंय ते दाखवायला खाली नेलं. पायऱ्यांवर त्यांनी मी टायर कापतानाचा फोटो दाखवला. मी फक्त फोन ओढला. त्या खाली गेल्या, मग हलेनातच. तीस वर्षं या इमारतीचं सगळं मी पाहतो. लोक काय म्हणतील? त्यांच्या किल्ल्या पायरीवर पडल्या होत्या.”

“तुम्ही परत खाली गेला होतात?” फौजदारबाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. दोन रात्रींत एकदाही नाही. तेवढी हिंमत नव्हती म्हणे. त्या क्षणी मी त्या माणसाचं काय केलं असतं सांगता येत नाही. किल्ली देवघरात होती.

तळघरात वीसेक गाड्या सहज मावल्या असत्या. अर्ध्या भागात घोटाभर पाणी. दोन महिने ज्या पार्किंगसाठी अख्खं स्टेशन भांडत होतं ते इथे कुलपात पडून होतं. मी तिला हाका मारल्या. उत्तर आलं नाही. फौजदारबाईंची बॅटरी भिंतीवरून फिरली आणि पार दुसऱ्या टोकाला, गल्लीकडच्या जमिनीलगतच्या झरोक्याखाली थांबली. जिन्यापासून तिथपर्यंत ती पाण्यातून सरपटत गेली होती. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिनं डोळे उघडले. मी मोठ्यानं रडलो, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

६

तिसऱ्या दिवशी तिला नीट बोलता येऊ लागलं. पायाला प्लास्टर, हाताला सलाइन. मेहुणे उशाशी बसून होते, ते औषध आणायला गेले. मी वातावरण हलकं करावं म्हणून खिशातली चिठ्ठी काढून तिला दाखवली. तिनं वाचली, उलटी करून पाहिली.

“तुला खरंच वाटलं मी ब्रेक ओढला असेन?”

“वाटलं,” मी म्हणालो. “इतका खूश झालो होतो की बोलायची सोय नाही.”

ती हसली. मग हसू ओसरलं. चिठ्ठीची घडी घालत, माझ्याकडे न बघता ती बोलू लागली. सोमवारी उजाडलं तेव्हा तिला शुद्ध आली. झरोक्यातून उजेड दिसला म्हणून सरपटत तिकडे गेली. तहान लागली की ते साचलेलं पाणी पीत होती. घशातून आवाज फुटत नव्हता, पण झरोक्यापाशी पोहोचली तेव्हा वाटलं की आता कोणी ना कोणी जाईलच.

“मग एक गाडी आली आणि उजेड बंद झाला. चाक बरोबर झरोक्यावर. तू शिव्या देत होतास, दादा. मला, पार्किंगला, रेल्वेला. मी ओळखला तुझा आवाज. मला वाटलं, दादा आला, सुटले.”

मी तिची चादर उगाच सारखी केली.

“मी हाक मारत होते. येत होती तेवढी. मग तू हँडल ओढलंस. दोनदा. तू नेहमी दोनदा ओढतोस.” तिनं चिठ्ठीची आणखी एक घडी घातली. “मग तुझी पावलं पळत गेली.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की तू तरी काय करणार, तुला कुठे माहीत होतं. माझ्या वाट्याला एवढा मोठेपणा नको होता. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एक सांग,” ती म्हणाली. “मिळाली का तुला तुझी आठ चौदा?”

मी म्हणालो, मिळाली.